आजीच्या माहेरचा धंदा

सासऱ्यांना नावाने हाक मारायची जर्मन रीत मला कधी जमली नाही. मी त्यांना पापा म्हणते. न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर इंजिनियरकी केली आणि निवृत्त झाल्यावर घराण्याचा इतिहास काढायला घेतला. त्यांची आजी इंग्रज. इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात आजोबा वेटर होते, तिथेच दोघांचं जमलं. आजीचे वडील मोठे हॉटेलमालक, असं घरात सगळे सांगत. माझं लग्न ठरताना सांगलीहून बाबांनी “घराणं कसं आहे?” असं विचारलं, तेव्हाही हेच उत्तर गेलं होतं. त्यामुळे बाबा चारचौघांत सांगायचे, “जर्मन आहेत, पण खानदानी आहेत हो!”

गेल्या उन्हाळ्यात पापांनी त्या गावी जायचं ठरवलं. त्यांचं इंग्रजी बेताचं, नवऱ्याला ऐनवेळी काम निघालं, म्हणून दुभाषी मी. पूर्वज त्यांचे, पण पासपोर्ट माझा भारतीय, म्हणून व्हिसासाठी बोटांचे ठसे मी दिले.

गावातल्या छोट्या संग्रहालयात एक हसऱ्या वयस्कर बाई होत्या. त्यांनी चर्चच्या लग्ननोंदींची प्रत शोधून आणली. आजीचं नाव सापडलं, आजोबांचंही सापडलं. पापांनी कोट सारखा केला. बाईंनी वधूपित्याच्या धंद्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “डाँकीज! किती गोड!”

“काय म्हणतात त्या?” पापांनी विचारलं.

“एझेल,” मी म्हणाले. गाढवाला जर्मनमध्ये हाच शब्द.

“गेनाऊ, बरोबर! हॉटेलचं नाव असणार. आपल्याकडे नाही का, ‘सोनेरी गाढव’ वगैरे पाट्या असतात?”

तेवढ्यात बाईंनी एक जुना फोटो पुढे सरकवला. वाळूत ओळीने तेरा गाढवं, त्यांच्या पाठीवर टोपडी घातलेली मुलं, आणि कडेला एक मिशाळ माणूस. नाक थेट पापांचं. किनाऱ्यावर आलेल्या मुलांना गाढवावरून फिरवून आणायचं, हा आजीच्या वडिलांचा धंदा होता.

फोटोची एक प्रत घेऊन पापा बाहेर आले आणि बाकावर बसले. मग म्हणाले, “तुझ्या वडिलांना फोन लाव. मी त्यांना चुकीची माहिती दिली होती.”

“पापा, त्याला दहा वर्षं झाली.”

“चूक ती चूकच.”

व्हिडिओवर बाबा चहा पीत होते. मी शक्य तितकं सावरून घेतलं. “बाबा, पापांच्या आजीचे वडील पर्यटन व्यवसायात होते.”

“हो, हॉटेल ना?”

“तसं नाही. जरा वाहतुकीकडे.”

माझं मराठी पापांना कळत नाही, पण मी टाळतेय हे कळलं असावं. त्यांनी फोटोची प्रत कॅमेऱ्यासमोर धरली आणि एकेका गाढवावर बोट ठेवत गेले. बाबांनी कप खाली ठेवला.

“ही सगळी त्यांची स्वतःची?”

“हो, बाबा.”

“तेरा म्हणजे व्याप मोठाच की! रोजचा चाराच केवढा लागत असेल. त्यांना सांग, माणूस कर्तबगार होता.”

मी शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. पापा उभे राहिले आणि त्यांनी फोनला मान लववून नमस्कार केला.

परत फिरण्याआधी आम्ही किनाऱ्यावर गेलो. तिथे अजूनही पाचसहा गाढवं होती. पापांनी मला विचारायला लावलं, त्यांना बसता येईल का. गाढववाल्या पोरीने त्यांच्या पोटाकडे बघून सांगितलं, “फक्त लहान मुलं.” मग तिने जीभ टाळूला लावून ‘टक्-टक्’ असा आवाज काढला आणि सगळी गाढवं निमूटपणे चालायला लागली.

पापांनी माझा दंड धरला.

“शाळेला उशीर व्हायला लागला, की आजी आमच्यामागे अगदी हाच आवाज काढायची,” ते म्हणाले. “आणि आम्ही चालायला लागायचो.”