'सुरक्षित'चं वाक्य

मंडळी, दुपारपासून एक वाक्य डोक्यातून जाईना.

मी झरीजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवते. आज 'सुरक्षित' हा शब्द होता. अर्थ सांगितला, नीट जपलेलं, ज्याला धक्का लागणार नाही असं. मग म्हणलं, वाक्यात उपयोग करा.

बहुतेकांनी हेल्मेटचं वाक्य लिहिलं. सविताने लिहिलं, 'आमची शेळी आणि भांडी आत्याकडे सुरक्षित आहेत.'

तिचे आईवडील सोमवारी ऊसतोडीला निघणार. जाण्याआधी असं सामान नातेवाइकांकडे ठेवायची इथली रीतच आहे.

मी विचारलं, "आणि तू गं?"

"मी संगं जायलेय, बाई. आत्या म्हणली, शेळी ठिवा. पोरीची जिम्मेदारी लय असती."

मी वहीत बरोबरची खूण केली. वाक्यात चूक नव्हतीच.

संध्याकाळी तिच्या आईशी बोलायला म्हणून दोनदा गाडी बाहेर काढली आणि दोनदा परत लावली. पोरीला इथंच ठेवा म्हणायला तोंड उघडलं, की ती विचारणार, "मग तुमी ठिवून घेता का, बाई?"

तुम्ही काय सांगितलं असतं? सोमवारच्या आत सांगा.