मागची जॉयस्टिक

मंगळवारी सकाळी बॅटरीवरच्या व्हीलचेअरची किंमत अठ्ठ्याहत्तर हजार सांगितली गेली. हजर तिघेच: मी, माझी बायको माधुरी आणि दुकानदार.

माधुरीने उजव्या हाताने जॉयस्टिक ढकलून दुकानात एक चक्कर मारली. मग खुर्ची गर्रकन वळवून माझ्यासमोर आणली. “अहो, तोंड पाडून काय उभे आहात?”

मी चमकलो. चार वर्षं मी तिची खुर्ची मागून ढकलतो आहे. बोलणं व्हायचं, पण माझं तिच्या अंबाड्याशी. ती रागवायची, तेही समोरच्या भिंतीवर. ढकलणाऱ्याला चेहरा दिसत नाही आणि बसणाऱ्याला मागे वळता येत नाही, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“मागून चालवणाऱ्यासाठी दुसरी जॉयस्टिक बसवू का, वहिनी?” दुकानदाराने विचारलं. “साडेनऊ हजार जास्त पडतील. नंतर मात्र बसवता येत नाही.”

तिचा डावा हात आजाराने गेलाच आहे. उजवा फार तर वर्षभर, असं डॉक्टर आम्हा दोघांसमोर म्हणाले होते.

“मला चालवता येतंय की अजून,” ती माझ्याकडे बघत म्हणाली.

“येतंय.”

ती बराच वेळ उजव्या हाताकडे पाहत राहिली. “बसवा,” ती दुकानदाराला म्हणाली. “पण यांना बजावून ठेवा. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही.”

दुकानदाराला सत्त्याऐंशी हजार पाचशे रुपये दिले. त्यातले साडेनऊ हजार, ती सांगेल त्या दिवसासाठी.