आशीर्वाद नको, प्रश्न विचारा

मंडळी, आज सकाळी पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत महापालिका निवडणुकीच्या एक उमेदवार प्रचाराला आल्या होत्या. सरिताताई. त्या तृतीयपंथी आहेत.

हे कळताच सासूबाई माझ्या तान्ह्या लेकीला घेऊन लगबगीने खाली गेल्या. मीही मागोमाग गेले. बाळाला पुढे धरून त्या म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर हात ठेवा."

सरिताताई म्हणाल्या, "आई, आज मी मत मागायला आलेय. आशीर्वादच देत बसले, तर पाण्याचं मला कुणी विचारणारच नाही."

सासूबाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "बरं, विचारते. आमचे टँकर कधी बंद होणार?"

ताईंनी उत्तर दिलं, पण मला ते मोघम वाटलं. मी तसं बोलून दाखवलं. त्या चिडल्या नाहीत, उलट नीट वाद घालायला लागल्या. तरी मला पटलं नाही.

लिफ्टमध्ये मी सासूबाईंना विचारलं, "मत देणार का?"

"आशीर्वाद लगेच घेतला असता गं," त्या म्हणाल्या. "मताचं बघू."

माझंही ठरलेलं नाही. पण मी अडलेय ती सरिताताईंच्या उत्तरापाशी, की त्या कोण आहेत त्यापाशी? हे स्वतःचं स्वतःला कसं ओळखायचं? तुम्ही कसं ओळखता?