पिंपात भाजलेलं भरीत

कौसाबाईला गावात कुणी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. ती विहिरीवर बोलली की पलीकडच्या मळ्यातल्या माणसाला कळायचं, आज हिच्या घरी काय शिजणार. अंगाने भक्कम, हात रुंद. ते हात विस्तवाला भीत नसत. तव्यावरची भाकरी असो की निखाऱ्यातलं वांगं, ती बोटांनीच उलटायची.

शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत भरीत करावं तर कौसाबाईनेच, असं ठरूनच गेलं होतं. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की गावात भरिताच्या पंगती सुरू होत. कुणाचं लग्न, कुणाच्या विहिरीला पाणी लागलेलं, कुणाचा बैल आजारातून उठलेला, काही ना काही निमित्त असेच. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरत, कापसाची वाळकी झाडं. कौसाबाई त्यांचा उघड्यावर मोठा जाळ करी, त्यावर टोपल्याच्या टोपल्या वांगी भाजी आणि खोलगट लाकडी बडगीत मुसळाने ठेचून काढी. तिचा नवरा दोधू शेजारी बसून लसूण सोलत असे. तो कमी बोलायचा. घरातलं दोघांच्या वाटणीचं बोलणं बायकोच करते, त्याला आणखी कशाला बोलायचं, असं त्याचं म्हणणं.

एकोणीसशे तेहतीस सालच्या माघात अशाच एका पंगतीला वारा उठला. पऱ्हाटीचा जाळ हलका, ठिणग्या फार. त्यातल्या काही उडाल्या त्या नेमक्या झिपरूच्या कडब्याच्या गंजीवर पडल्या. लोक घागरी घेऊन धावले, पण वाळला कडबा तो. गंजी डोळ्यांदेखत बसली. घरं वाचली, माणसं वाचली, झिपरूच्या बैलांचं वर्षाचं खाणं मात्र गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कौसाबाईने आपल्या गंजीतला अर्धा कडबा गाडीत भरला आणि झिपरूच्या दारात नेऊन टाकला. झिपरू ओट्यावर तोंड फिरवून बसला होता.

"तुन्हा बैल मन्हा भरीतना पायी उपाशी ऱ्हातीन का?" ती म्हणाली. "उतारी ले."

त्याने कडबा उतरवून घेतला, पण तो बोलला नाही. संध्याकाळी पारावर गाव जमलं आणि नवलसिंग पाटलाने सांगून टाकलं, "आजपासून कडबा घरमा उना की पाऊस पडेपर्यंत गावमा उघडावर इस्तो पेटाडानं बंद. भरीत नही नि काही नही."

सगळ्यांनी माना हलवल्या. कौसाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली.

"उघडावर बंद ना, पाटील?"

"हां. उघडावर."

"मंग मी इस्तोले घर बांधस."

लोक हसले. पाटीलही हसला. तिला मात्र हसू आलं नव्हतं.

तिच्या डोक्यात तेव्हा नक्की काही नव्हतं. एवढंच होतं की जाळ झाकलेला हवा, आणि त्यात एका वेळी टोपलीभर वांगी मावली पाहिजेत. मातीची भट्टी केली तर ती या मळ्यातून त्या मळ्यात नेता येणार नाही. म्हणजे लोखंड हवं. दोधू हंगामात शहाद्याच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्या नेत असे. तिथे इंजिनाच्या तेलाची पोलादी पिंपं यायची. त्यातलं एक बुडाशी गळायला लागलेलं मागच्या भिंतीशी पडून होतं. दोधूने ते मागितलं, मुकादमाने नेऊ दिलं, आणि एका संध्याकाळी रिकाम्या गाडीत गडगडत ते पिंप गावात आलं.

लोटन लोहाराने त्याच्यावर हातोडा वाजवून पाहिला. लोटन हा गावचा जुना लोहार. नांगराचे फाळ आणि चाकांच्या लोखंडी धावा यांपलीकडच्या कामाला तो आधी नाही म्हणायचा आणि मग करायचा.

"वहिनी, हाऊ पत्रा शे," तो म्हणाला. "कोळसा टाकशी ते मेणनागत वाकी जाई."

"वाकना ते दुसरं पिंप लई येसू. तू काप."

लोटनने छिन्नीने पिंप उभं चिरलं. अर्धं खाली, अर्धं वर झाकणासारखं, मध्ये बिजागऱ्या. जुन्या धावेचे तुकडे वाकवून चार पाय केले. कौसाबाईने त्यात कोळसा पेटवला, वर वांगी मांडली आणि झाकण लावलं. वांगी भाजली गेली, सालही छान सुटलं. पहिला घास दोधूने घेतला. तो बराच वेळ चावत राहिला.

"कसं शे?" तिने विचारलं.

"चांगलं शे," दोधू म्हणाला. "पण इंजिननागत मले बी आते हँडल मारनं पडी."

सगळ्या भरिताला तेलाचा वास होता. लोटन हसून हसून खाली बसला. कौसाबाईने ते भरीत उकिरड्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पिंप गावाबाहेर नाल्याच्या वाळूत नेलं. तिथे त्यात गोवऱ्या भरून दिवसभर रिकामंच जाळलं, चिंच आणि राखेने घासलं, पुन्हा जाळलं. पत्रा निळा-काळा झाला तेव्हा वास गेला. पण लोटनचंही खरं ठरलं होतं. निखाऱ्यांखालचं बूड लाल होऊन त्याला खाली झोळ पडला होता. आणि दुसरी अडचण अशी की राख साचली की कोळसा मध्येच विझायचा. एक बाजू जळून जाई, दुसरी कच्ची राही.

तिने दुसरं पिंप मागवलं. जिनिंगवर ते मिळायला पावसाळा उलटला.

दसऱ्यानंतर खात्या गावात आला. तोरणमाळच्या उतारावर त्याचा पाडा होता. दरवर्षी तो कापणीला माणसं घेऊन खाली यायचा आणि येताना लोटनच्या भात्यासाठी धावड्याच्या लाकडाचा कोळसा आणायचा. लोटनच्या अंगणात ते वाकलेलं पिंप पाहून तो त्याच्याभोवती एक फेरी मारून आला.

"हाई काय शे?"

कौसाबाईने सगळं सांगितलं, गंजी जळाल्यापासून. खात्याने ऐकून घेतलं. डोंगरात तो लाकडं रचून, पाला आणि माती लिंपून कोळसा पाडायचा. झाकलेल्या आगीशी त्याचं आयुष्य गेलं होतं.

"इस्तो माणूसनागत शे," तो म्हणाला. "नाक उघडं ठेवं ते जागस. नाक दाबं ते झोपी जास. तुन्हा पिंपले नाकच नही."

कौसाबाई टाचांवर बसली आणि काडीने जमिनीवर आकृती काढायला लागली. निखारे बुडावर नकोत, वर जाळीवर हवेत, म्हणजे राख खाली पडेल आणि हवा खालून येईल. दोन्ही टोकांना भोकं, त्यांवर सरकती झडप. वर धुराडं. लोटन तिच्या खांद्यावरून बघत होता. आता त्यालाही चेव आला.

"जाळी कशानी करू? सळई टिकाव नही."

"जिनिंगवर गाठीसले पोलादी पट्ट्या बांधतस ना," दोधू मागून म्हणाला. "तुटेल पट्ट्या तठे पडेल ऱ्हातस."

त्या दिवशी दोधूने एवढं बोलून पुन्हा लसूण घेतला.

कापसाच्या गाठी आवळायच्या त्या पट्ट्यांची लोटनने खाटेसारखी वीण घातली आणि रिबिटा मारून जाळी पक्की केली. कौसाबाईने पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण मळून नव्या पिंपाच्या आतून बोटभर जाड लेप दिला. भेगा पडल्या तशा पुन्हा पुन्हा लिंपल्या. रॉकेलच्या डब्याचं धुराडं झालं. झाकणाची मूठ लोटनने आधी लोखंडाची केली होती. ती धरताच कौसाबाईच्या तळव्यावर फोड आला. हात झटकून ती एवढंच म्हणाली, "बाभूयनं लाकूड लाव."

यावेळी वांगी चारही बाजूंनी सारखी भाजली. लोटनने दोनदा वाढून घेतलं. खात्यानेही खाल्लं, पण म्हणाला, "धूर नही लागना." खरंच होतं. धावड्याचा कोळसा इतका स्वच्छ जळत होता की भरिताला पऱ्हाटीचा तो वास नव्हता. कौसाबाईने मूठभर पऱ्हाट्या मोडून निखाऱ्यांवर टाकल्या, झाकण लावलं, झडप अर्धी ओढली. धूर आतल्या आत घुमला. पुढचं वांगं फोडलं तेव्हा खात्याने भाकरी पुढे केली.

त्या माघात नवलसिंग पाटलाच्या मुलीचं, नर्मदेचं, लग्न निघालं. मुलगा नंदुरबारकडच्या कोरीटचा. मुलाचे वडील दिलवरसिंग बोलणी करायला आले तेव्हाच म्हणाले होते, "आमले गोडधोड कमी चाली. ब्राह्मणपुरीनं भरीत मातर पाहिजे." पाटलाने हो म्हटलं आणि मग त्याला आपलाच हुकूम आठवला. तो कौसाबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"कौसाबाई, तुन्हा इस्तोनं घर व्हयनं का बांधीसन?"

"व्हयनं कवळच. तुम्ही आज उनात."

"ठिणगी उडी?"

"उडनी ते पाणी वतजा. मन्हावर बी."

पाटलाने ते मान्य केलं, पण लग्नाच्या मांडवाजवळ पाण्याची पिंपं भरून ठेवली आणि बादली घेऊन उभं राहायला माणूस नेमला. तो माणूस होता झिपरू. त्याने स्वतःच ते काम मागून घेतलं होतं.

लग्नाच्या सकाळी वारा होता. मांडवाच्या कनाती फडफडत होत्या, आणि पाटलाच्या खळ्यात नव्या कडब्याची गंजी उभी होती. वऱ्हाडातले लोक पिंपाच्या शेगडीभोवती जमले. लोखंडात भाजलेलं भरीत म्हणजे दवाखान्यातलं जेवण, असं कुणीतरी म्हणालं. कौसाबाईने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून वांग्यांना तेलाचा हात लावत राहिली. खात्या खास कोळसा घेऊन आला होता. पहिल्या दोन टोपल्या सुरळीत भाजून निघाल्या. झाकणाच्या कडेने निळसर धूर, बाकी काही नाही. पाटील लांबून बघत होता, त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

तिसरी टोपली आत गेली आणि वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. रॉकेलच्या डब्याचं धुराडं तळापासून उखडलं आणि खडखडत मांडवापाशी जाऊन पडलं. झाकणाला उघडं भोक राहिलं. खालून वारा भरला, निखारे फुलले, पऱ्हाटी पेटली आणि भोकातून ठिणग्या वर यायला लागल्या. बाया ओरडल्या. झिपरूने बादली उचलली.

"थांब, झिपरू भाऊ!" कौसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "पाणी वतशी ते लेप फुटी, आग बाहेर ई!"

तिने पायाने एका टोकाची झडप लोटली. दुसऱ्या टोकाशी खात्या होता, त्याने त्याच क्षणी तिकडची झडप बंद केली. शेजारी पाण्याच्या घागरीवर मातीचं झाकण होतं. तिने ते ओलंच उचलून धुराड्याच्या भोकावर उपडं ठेवलं आणि वर दगड ठेवला. ते चर्र करून वाजलं. दोन ठिणग्या वाऱ्यात गेल्या आणि वाटेतच विझल्या. मग काहीच नाही. पिंप चुपचाप उभं राहिलं.

झिपरूची बादली अजून हवेत होती. त्याने एकदा खळ्यातल्या गंजीकडे पाहिलं, एकदा पिंपाकडे.

"झोपी गया?" त्याने विचारलं. गंजी जळाल्यापासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"झोपी गया," कौसाबाई म्हणाली. "आते बादली ठेव नि बडगी लई ये."

त्याने बादली ठेवली आणि बडगी आणली. बंद पिंपात नुसत्या धगीवर मुरलेली ती तिसऱ्या टोपलीची वांगी सगळ्यांत मऊ निघाली. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं त्याच बडगीत पडलं आणि झिपरूने मुसळ हातात घेतलं. पंगतीत कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीवर भरीत वाढलं तेव्हा दिलवरसिंगांनी दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं, आणि जेवण झाल्यावर हात न धुताच शेगडी बघायला आले. झाकण उघडायला लावलं, झडप सरकवून पाहिली, जाळीवर बोट फिरवलं.

"हाई कोणी करं?"

कौसाबाईने जवळ उभ्या असलेल्या तिघांकडे हात केला. "लोटननी ठोकं, खात्यानी बोट धरीसन शिकाडं, मन्हा घरवालानी पिंप आणं."

"नि तू?"

"मी सोडं नही," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात कोरीटहून निरोप आला. बैलगाडीत शेगडी बांधून कौसाबाई आणि दोधू तापी ओलांडून तिकडे गेले. मग इतर गावं. लोटनकडे लोक पिंपं घेऊन यायला लागले. त्याने बऱ्याच शेगड्या केल्या. पण लेप कसा द्यायचा हे विचारायला सगळ्यांना कौसाबाईकडेच यावं लागे, आणि ती प्रत्येकाला हात मातीत घालायला लावूनच सांगे. खात्याला लोटनने एक शेगडी देऊ केली तर तो म्हणाला, "मले आख्खा डोंगर शे, पिंप कसाले?" त्याचा कोळसा मात्र आता लोहारांपेक्षा घरांतूनच जास्त जात होता.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लोखंड मिळेनासं झालं. जुनं पोलाद गोळा करणारा एक माणूस गावात फिरला आणि कौसाबाईच्या अंगणातल्या पिंपावर त्याची नजर गेली. तिने त्याला बसवलं, भरीत-भाकरी वाढली आणि पोटभर जेवल्यावर विचारलं, आता सांग, हे मोडायचं का? तो हात पुसत उठला आणि पुढच्या गावाला गेला.

बूड जळत गेलं तसं लोटनने ते बदललं, पाय बदलले, जाळी तर कितीदा. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत कौसाबाईच्या भरिताचं ठिकाण ठरून गेलं होतं, तापीच्या काठाकडे, व्यापाऱ्यांच्या तंबूंच्या मागे. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. एका वर्षी तिने सुनेला झडपेपाशी बसवलं आणि आपण पहिल्यांदा पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला, घोंगडीवर जाऊन बसली.

"अत्याबाई, उघडू का?" सुनेने विचारलं.

"मले काय ईचारस? वास उना का तुले?"

"उना."

"मंग उघड. नि पहिलं मले वाढ, मी आज जेवाले येल शे."

सुनेने बाभळीच्या मुठीला हात घातला. धुराचा लोट वर आला, बाजूच्या तंबूतला घोडा खिंकाळला, आणि कौसाबाई हात धुवायला तापीकडे उतरली.