साडूंचा टॅब आणि कानबाईची गाणी

रिकामी जागा कशी दिसते हे माझ्या साडूंनी आयुष्यात पाहिलेलं नाही, कारण दिसली रे दिसली की ते ती भरून टाकतात! पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात साड्यांची पार्सलं बांधण्यात त्यांची हयात गेली. पार्सलावर गुडघा रोवून दोरी आवळली की आणखी साड्या बसतात, यावर त्यांची गाढ श्रद्धा. बारडोलीला एका लग्नाला गेलो, तेव्हा त्यांनी भरलेली बॅग एकदा उघडल्यावर पुन्हा बंदच होईना. येताना माझी बायको तिच्यावर बसून आली.

लेकीने टॅब दिला आणि साडूंना नवं गोदामच मिळालं. भजनं, पंचांग, क्रिकेट, दिसेल ते अ‍ॅप आत! आणि नेमकं श्रावणात, कानबाई देवीच्या सणाच्या तोंडावर, टॅबने जाहीर केलं की जागा शिल्लक नाही. साडू हादरले. सणासाठी त्यांची म्हातारी आई धुळ्याकडून गोडादऱ्याला त्यांच्या घरी आली होती. कानबाईची जुनी गाणी आता घरात तिलाच येतात, आणि दर वर्षी एखादं विसरते. यंदा ती सगळी टॅबमध्ये भरून ठेवायचीच, असं साडूंनी ठरवलं होतं.

त्यांनी हुकमी उपाय केला. सगळी अ‍ॅप्स एका फोल्डरमध्ये कोंबली आणि वरून अंगठा दाबून धरला. जागा होईना. मग पडद्यावरची चिन्हंच काढून टाकली. तरी होईना! तसेच धावत माझ्याकडे आले. मी सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून दाखवलं. मेसेजचं अ‍ॅप एवढंसं, पण त्याच्या पोटात नातेवाइकांच्या शुभ सकाळचे गुलाब आणि व्हिडिओ खच्चून भरलेले.

“म्हणजे दुकाननी पाटी काढी, पन माल मझारच शे!” साडू खुर्चीतून उडालेच. मग गुलाब गेले, सूर्योदय गेले, आणि वाढलेली जागा पाहून साडू दर वेळी माझ्या हातावर टाळी देत होते. उत्साह इतका, की घरी जाताना त्यांनी माझ्या शेजाऱ्यांचेही फोन झाडायला घेतले. एका काकूंच्या नातवाच्या बारशाचे फोटो थोडक्यात बचावले.

रविवारी कानबाईपुढे आई गायला बसली आणि साडूंनी टॅबवर रेकॉर्डिंग लावलं. पहिलं गाणं झालं, दुसऱ्याच्या मध्यावर ती अडली. पुढची ओळ येईना.

“राहू दे, बंद करी दे,” ती म्हणाली.

“आठव माय, घाई नही. जागा भलती मोकळी शे.”

आई डोळे मिटून आठवत राहिली, टॅब चालू राहिला. समोरची रिकामी जागा भरायची घाई साडूंनी त्या दिवशी पहिल्यांदाच केली नाही.