आधी नाकाला विचारा

"जरा घरी जाऊन येतो," असं म्हणून काका उजवा हात दुमडायचे, कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसायचे आणि डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे. मग मान वर करून म्हणायचे, "हां, द्या आता पुढचा ग्लास."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, शिंक दाबतायत. तुम्हालाही तेच वाटलं असतं. पण तो त्यांच्या धंद्यातला रिवाज होता. एकामागून एक वास घेतले की नाक दमतं. अशा वेळी आपल्याच अंगाचा वास घ्यायचा. तो रोजचा असतो, त्यात शोधण्यासारखं काही नसतं, म्हणून नाक तिथे जरा टेकतं. त्याला काका घरी जाणं म्हणायचे.

डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारात ते राहायचे. एमआयडीसीतल्या एका इसेन्सच्या कंपनीत त्यांचं आयुष्य गेलं. आइस्क्रीम, सरबतं, गोळ्या-बिस्किटं यांत जे वास घालतात ते तिथे बनत. विठ्ठलवाडीच्या चाळीतून ते तिथे लागले ते ड्रम उचलायच्या कामाला. एक दिवस झाकण लावलेल्या ड्रमशी उभे राहून म्हणाले, "साहेब, हे केळं नाही, अननस आहे. लेबल चुकलंय." उघडून पाहिलं तर अननसच. मग त्यांना प्रयोगशाळेत घेतलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मान डोलावल्याशिवाय माल बाहेर पडत नव्हता, आणि निवृत्तीनंतरही महिन्याच्या पहिल्या सोमवारी कंपनीचे नमुने त्यांच्या घरी यायचे.

माझी त्यांची ओळख झाली तीही नाकानेच. मी दिव्याहून नुकती इथे राहायला आले होते. नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी कामाला आहे. जिन्यात भेटले म्हणून नमस्कार केला, तर म्हणाले, "लवंगेचं तेल. दातांचा दवाखाना का?" मी ओशाळून हात मागे घेतले. "अहो, लपवताय कशाला? चांगला वास आहे."

महिनाभराने काकू दारात आल्या. "ताई, रविवारी अकराला येता का? आमचे हे बर्बन घेऊन बसतात. मदतीला कोणीतरी लागतं त्यांना." मी म्हटलं, चहा-बिस्किटांचा बेत असेल. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून चिवड्याचा डबा घेऊन गेले. बघते तर टेबलावर तीन बाटल्या, टपरीवरचे कटिंगचे तीन ग्लास आणि शेजारी स्टीलचं पातेलं. मी दारातच थबकले.

"तो डबा बाहेर ठेवून या," काका म्हणाले. "त्यात हिंग आहे."

तर बर्बन म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की. आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या लाकडी पिंपात ती वर्षानुवर्षं ठेवतात. काकांची लेक तिकडे असते, ती येताना आणायची. एकीत मक्याबरोबर गहू, एकीत राय. "राय म्हणजे मोहरी नव्हे हो, तिकडचं धान्य आहे," हे मला पहिल्याच दिवशी सांगून झालं. तिसरी बारा वर्षं पिंपात राहिलेली. त्यांची नावं गहूवाली, रायवाली आणि म्हातारी. बाटल्यांच्या गळ्यात पांढरा, लाल आणि पिवळा दोरा बांधलेला असायचा.

माझं काम सोपं होतं. काका खिडकीकडे तोंड करून बसायचे. मी प्रत्येक ग्लासात तळ झाकेल इतकी ओतायची, खाली रंगाची चिठ्ठी ठेवायची, वर बशी झाकायची आणि ग्लासांची जागा बदलायची. मग काका वळायचे. बशी बाजूला करून थेंबभर पाणी टाकायचे आणि थांबायचे.

"आधी नाकाला विचारा. जिभेला चार-पाच गोष्टी कळतात. बाकी सगळं नाक सांगतं आणि नाव जिभेचं होतं."

तिन्ही वास घेऊन झाले की एकेक छोटा घोट तोंडात घोळवून पातेल्यात थुंकायचे. मग सांगायचे, "लाल, पांढरा, पिवळा." मी चिठ्ठ्या उलटून बघायची. सहा वर्षांत ते एकदाच चुकले, सर्दी झाली होती तेव्हा. खालच्या मजल्यावर बोंबील तळायला पडले की आमची सभा तेवढ्यापुरती तहकूब व्हायची.

त्या सहा वर्षांत एक थेंब त्यांच्या घशाखाली गेलेला मी पाहिला नाही. इमारतीतले दोन-तीन गृहस्थ मदत करायला फार उत्सुक होते. काका त्यांना हात जोडायचे. "ते नकोत," मला म्हणाले. "ते गिळतात."

न गिळण्याचं कारण होतं. काका-काकू रोज सकाळी पंचशील म्हणायचे आणि त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. काकू रविवारी विहारात गेल्या की मगच बाटल्या बाहेर निघत. तिथे बायकांनी विचारलं, "भाऊ नाही आले?" की काकू शांतपणे सांगायच्या, "घरी बर्बन घेऊन बसलेत." खोटं काहीच नव्हतं. बायकांना वाटायचं, माणसाला बिस्किटांची भारी आवड. काकांनी एकदा स्वतःच विहारातल्या भन्तेजींना सगळं सांगितलं. भन्तेजी म्हणाले, "गिळत नाहीस, पण सोडतही नाहीस ना?" काका तीन रविवार नुसते बसून राहिले. चौथ्या रविवारी मला हाक मारली. "पाचव्यात मी कच्चा," म्हणाले. "काय करू?"

आता या माणसाला बर्बनच का लागावी? त्याला कारण त्यांची एक चूक. काका प्रयोगशाळेत नवे असताना परदेशातल्या एका चॉकलेटवाल्याने बर्बनचा वास मागवला. साहेब म्हणाले, बनव. काकांनी बर्बन बिस्किटांचे डझनभर पुडे आणले, पंधरा दिवस खपले आणि बिस्किटाचा हुबेहूब वास करून दिला. बर्बन म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय आठवणार? तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. नमुना परत आला आणि सगळी कंपनी महिनाभर हसली. "मी पण हसलो," काका म्हणायचे. "पण घरी येऊन जेवलो नाही." नंतर साहेबांनी खऱ्या बर्बनची छोटी बाटली हातात दिली. तेव्हापासून ती त्यांना पुरती ओळखायची होती.

पण तो बिस्किटाचा वास वाया गेला नाही. एका लहान बिस्किटवाल्याने तो उचलला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हिरव्या पुड्यातलं स्वस्त बर्बन मिळतं, त्यात अजूनही तोच वास आहे. काका ते कधी कोणाला सांगत नसत. मला काकूंनी सांगितलं.

मग साथ आली. काका-काकू दोघांनाही ताप येऊन गेला. दोघांचाही वास गेला. काकूंचा पंधरा दिवसांत परत आला, काकांचा आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काका लसूण ठेचून हुंगायचे, कापूर हुंगायचे, हिंगाची डबी उघडून नाकाशी धरायचे. रोज सकाळी हिरव्या पुड्यातलं एक बिस्किट मोडून त्याचा वास घ्यायचे. आपण केलेला वास तरी आपल्याला ओळख देईल, असं त्यांना वाटत असावं. तोही येईना.

"नाक गेलं तर माझ्याकडे काय राहिलं, ताई?" एकदा जिन्यात म्हणाले. "मी परत ड्रमवाला."

ते मी विसरू शकले नाही. चार महिन्यांनी त्यांनी पुन्हा रविवारी बोलावलं. त्यांनी वास घेतला, घरी जाऊन आले, बराच वेळ तिथेच राहिले. मग म्हणाले, "पांढरा, पिवळा, लाल." मी चिठ्ठ्या उलटल्या. तिन्ही चुकले होते. मी चिठ्ठ्या मुठीत चुरगळल्या आणि म्हणाले, "बरोबर, काका."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला आपण पुण्य केल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. काकूंनी शिरा केला. कंपनीला कळवायचं ठरलं की पहिल्या सोमवारपासून नमुने पाठवा. पण आता तोंड उघडायचं कसं?

चौथ्या रविवारी मी नेहमीसारखं ओतलं, झाकलं, फिरवलं. काकांनी एकेका ग्लासाचा वास घेतला. घोट मात्र घेतला नाही, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. "लाल, पिवळा, पांढरा," म्हणाले. मी चिठ्ठ्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"बरोबर."

काकांनी एक ग्लास माझ्याकडे सरकवला. "घ्या वास."

मी नाकाशी नेला. चहा होता. थंड, बिनसाखरेचा कोरा चहा. दुसऱ्यात चहा, तिसऱ्यातही चहा.

"सकाळी मीच केला," काका म्हणाले. "आतली बर्बन बरण्यांत काढली आणि हा तिन्ही बाटल्यांत भरून ठेवला. मी तर नुसतं तोंडाला येईल ते बोलत होतो, ताई. तीन-तीन रविवार असं जमतं का कधी?"

मी ग्लास खाली ठेवला.

"माझ्याकडे नाक नाही. तुमच्याकडे आहे ना? मग ओतताना कळलं कसं नाही? सहा वर्षं काय शिकवलं मी?" आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागलं. "मी उद्या कंपनीला हो म्हणणार होतो. लोकांच्या पोरांच्या खाण्यात जातं ते."

"काका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"ते कळलं मला." त्यांनी ग्लास पातेल्यात रिकामे केले. "पाचव्या शीलावरून भन्तेजी मला बोलले. चौथं तुम्ही मोडलंत."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी घरी येऊन दार लावलं आणि रडले. पुढचे दोन रविवार त्यांच्या दाराकडे बघायचीही मला हिंमत झाली नाही. तिसऱ्या रविवारी विहारात जाता जाता काकूंनी बेल वाजवली. "चला. बर्बन काढून बसलेत. तुमच्याशिवाय झाकण उघडत नाहीत."

काकांनी कंपनीला कायमचा नकार कळवला होता. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त खुर्च्यांची अदलाबदल झाली होती. मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, ओतलं त्यांनी. "आजपासून वास तुम्ही घ्यायचा. मी ऐकतो."

मी पहिला ग्लास हुंगून म्हटलं, "गोड."

"गोड हा जिभेचा शब्द. नाकाचा सांगा. आणि बाटलीवरचं व्हॅनिला-बिनिला नको. तुमच्या नाकाने आजवर काय पाहिलंय?"

मला वेळ लागला. ते थांबले. हळूहळू शब्द सुचायला लागले. गहूवालीत मला शिऱ्याच्या कढईला लागलेली खरवड सापडली. रायवालीत मिरी आणि पुदिन्याचं देठ. म्हातारीपाशी मी फार वेळ अडकले. शेवटी म्हणाले, "गुळाच्या ढेपेचं गोणपाट. आणि मागे थोडं, दिव्याला राहताना आम्ही पाणी साठवायचो त्या पिंपाचं झाकण उघडल्यासारखं."

काका डोळे मिटून बसले होते. "ओलं?"

"ओलं. पण कुजकं नाही."

"हां," ते म्हणाले. "बरोबर आहे. तीच."

"आला वास?" मी न राहवून विचारलं.

"नाही. आठवला."

असे आमचे दोन वर्षांचे रविवार झाले. मी चुकले की ते हटकायचे, अडले की थांबायचे, आणि दमले की स्वतःचं कोपर दाखवून म्हणायचे, "जा, घरी जाऊन या."

गेल्या दिवाळीनंतर एका मंगळवारी काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातल्या बायका आल्या. भाऊंना बर्बन आवडायचं हे सगळ्यांना माहीत. एकीने कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणला आणि बिस्किटं ताटलीत मांडून फोटोसमोर ठेवली. पुडा हिरवा होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना हसू फुटलं आणि ते आवरता आवरता रडू आलं.

सगळे गेल्यावर काकू आतून काकांचा पांढरा शर्ट घेऊन आल्या. "ताई, तुमचं नाक यांनी तयार केलंय. बघा बरं, यांचा वास आहे का यात? लेक म्हणते 'आहे', बहीण म्हणते 'आहे'."

मी उजव्या बाहीच्या कोपराशी नाक नेलं. पुन्हा नेलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि 'हो' म्हणणं किती सोपं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

"नाही काकू," मी म्हणाले. "धुतला गेलाय. साबणाचाच येतोय."

काकूंनी सुस्कारा सोडला. "मलाही तोच येत होता. सगळ्या आहे आहे म्हणतात, तर मला वाटलं, माझंच नाक पुन्हा गेलं." त्यांनी शर्टाची घडी करून मांडीवर ठेवली. मग फोटोसमोरची ताटली पुढे ओढली. एक बिस्किट उचललं, मधोमध मोडलं आणि खाण्याआधी नाकाशी धरलं.

"हा येतोय," काकू म्हणाल्या आणि दुसरा अर्धा तुकडा माझ्यापुढे केला. "बघा बरं. खरं सांगा."

मी आधी घरी जाऊन आले. मग वास घेतला.

"हो काकू," मी म्हणाले. "येतोय."