माटोळीतली दोन तोरिंजनं

माझ्या मुलीला लहान-मोठं कळत नाही, असं बालवाडीच्या बाईंनी मला फाटकातच ऐकवलं, तेव्हा ती चार वर्षांची होती. पानावर हत्ती आणि मुंगी शेजारी-शेजारी छापलेली, मोठ्यावर खूण करायची. हिने केलीच नाही. म्हणे, दोन्ही सारखीच. चित्रं खरोखर एकाच मापाची होती, पण ते मला तेव्हा कुठे सुचायला? नवऱ्याला सांगितलं, तर "लहान आहे गो, कळेल," म्हणून तो तुयेला कारखान्यात पाळीला निघून गेला. पुरुषांचं बरं असतं.

त्याच महिन्यात चवथ आली. आमच्या पेडण्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळं टांगून. दिरांनी डिचोलीहून दोन तोरिंजनं आणली होती, म्हणजे पपनसं. नवऱ्याने एक डावीकडे सुपारीच्या शिपट्यांत, म्हणजे घोसांत, बांधलं, दुसरं उजवीकडे कोहळा आणि नारळांच्या मध्ये. खाली उतरून बघतो तर उजवीकडचं लहान.

"जोडी जमत नाही, बाजारातून दुसरं आणतो," तो म्हणाला. "शेंबडं पोरही सांगेल, हे लहान आहे."

मलाही लहानच दिसत होतं. सहावीतल्या थोरल्या मुलालाही. आमचं शेंबडं पोर खाली पाटाजवळ नाक पुसत बसलं होतं. "दोन्ही सारखीच," ती म्हणाली.

परत तेच. माझं डोकंच फिरलं. स्टुलावर चढले, फळं बांधायचा केवणीच्या सालीचा दोर घेतला, डावीकडच्या तोरिंजनाभोवती गुंडाळून गाठ मारली आणि तोच फास काढून उजवीकडच्यावर चढवला. नेमका बसला. आम्ही तिघं शेजारच्या सुपाऱ्या आणि कोहळा बघून तोरिंजन जोखत होतो. ती नुसतं तोरिंजन बघत होती.

पुढे तिचे डोळे तपासायला नेलं, तेव्हा तोरिंजनांची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, इतकी लहान मुलं आजूबाजूच्या वस्तूंनी सहसा फसत नाहीत, हे फसणं वयाबरोबर येतं. तेव्हापासून नवरा दर चवथीला मुद्दाम तशीच दोन तोरिंजनं बांधतो आणि तिला विचारतो. गेल्या वर्षी ती जराशी घुटमळली होती.

यंदा ती चौथीत आहे. मान वर करून पटकन म्हणाली, "डावीकडचं मोठं."

घरभर हशा पिकला. मीही हसायला हवं होतं. फाटकातल्या त्या दिवसापासून देवाकडे हेच तर मागत होते, हिला चार जणांसारखं दिसू दे. आणि आता तिथेच, गणपतीसमोर, मला रडू आवरेना.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "आई, चुकलं काय?"

"नाही गो," मी म्हटलं. "सगळ्यांना तसंच दिसतं."